मी आलो, मी आले!

नाशिककरांना पुराचे आकडे कळत नाहीत. म्हणजे कळतात, पण पटत नाहीत. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे टीव्हीवाल्यांनी कितीही ओरडून सांगितलं, तरी आमचा प्रश्न एकच, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?" गुडघ्याला लागलं की पोरांना घेऊन गंगेवर पाणी बघायला जायचं (हो, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). कमरेला लागलं की पूर, गळ्याशी आलं की मोठा पूर. आणि डोक्यावरून गेलं की काय, ते घाटावरच्या दुकानदारांना विचारा!

आमच्या भाड्याच्या टू बीएचकेमध्येही असाच एक दुतोंड्या मारुती आहे. बेडरूमच्या दाराची चौकट. तिच्या डाव्या बाजूला थोरल्या साहेबांच्या उंचीच्या रेघा, उजव्या बाजूला धाकट्या बाईसाहेबांच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाटी डोक्यावर आडवी धरून पेन्सिलीनं खूण करायची आणि शेजारी तारीख टाकायची. साहेब पाच वर्षांचे, सीनियर केजीत. बाईसाहेब सव्वादोन. साहेब खूण करताना टाचा उंच करतात. बाईसाहेबांना खूण कशाची करतात हेच कळलेलं नाही. त्या आपल्या दादाच्या बाजूला जाऊन त्याच्याच रेघेखाली उभ्या राहतात.

मी या दोघांची आई. वय २८, पेशा फ्रीलान्स पत्रकार. मास कॉम करताना मला वॉर रिपोर्टर व्हायचं होतं. सध्या रोजचं वॉर घरातूनच कव्हर करते. बेडरूममध्ये खिडकीशी माझं टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि अर्धवट लोटलेल्या त्या दाराच्या पलीकडे हॉलमध्ये रणांगण. सासूबाई तिथं सोफ्यावर बसून युनोची शांतिसेना चालवतात. म्हणून तर माझ्या स्टोऱ्या वेळेवर जातात!

आणि बाबा? बाबा पुण्यात. हिंजवडीत. दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघतो, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर शिव्या देतो आणि रात्री अकरा-साडेअकराला घरी पोहोचतो. सोमवारी पहाटे परत. अंतर म्हणाल तर २१० किलोमीटरच्या आसपास. पण हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

थोरल्याच्या वेळी असं नव्हतं. तो २०२० चा. जग घरात बसलं होतं, आम्हीही पुण्याची खोली सोडून नाशिकला सासरी येऊन बसलो होतो. बाबा दोन वर्षं चोवीस तास घरात. पोराचं पहिलं पालथं पडणं, रांगणं, पहिलं पाऊल, सगळं त्यानं कॉलवर असताना का होईना, पण डोळ्यांनी पाहिलं. धाकटीचा जन्म झाला आणि काही महिन्यांतच कंपनीनं फर्मान काढलं, सगळ्यांनी ऑफिसला या. तेव्हापासून हा वीकेण्ड बाबा.

आता गंमत बघा. शुक्रवारी रात्री दोघं झोपलेली असतात. बाबा बॅग टेकवतो, हातपाय धुतो आणि तसाच जाऊन धाकटीजवळ बसतो. तिच्या पायाचा तळवा स्वतःच्या तळहातावर ठेवून बघतो आणि दर वेळी तेच वाक्य, "अगं, ही केवढी मोठी झाली!" मी दारात उभी. मला काहीच दिसत नाही! सोमवारी जेवढी होती तेवढीच तर आहे. मी इथं रोज तिला न्हाऊ घालते, भरवते, तिच्या चपला शोधते, आणि मोठी झालेली मात्र यालाच दिसते. खरं सांगू? कधी कधी हेवा वाटतो. म्हणजे बघा, पाच दिवस हजेरी माझी आणि रिझल्ट त्याच्या हातात.

या कोड्याचं उत्तर मला एका जुन्या स्टोरीच्या कामात सापडलं. तेही नाशिककडच्याच माणसाकडून. दादासाहेब फाळके! त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, नाशिकला स्टुडिओ काढणारे आणि १९४४ मध्ये नाशिकलाच गेलेले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आमच्या पिढीसाठी ते बरीच वर्षं फक्त शाळेच्या सहलीचं ठिकाण होतं. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा सिनेमा काढायला पैसे कुणी देईना. मग त्यांनी काय केलं? कुंडीत मटार पेरला, कुंडीपुढे कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते, सगळं डोळ्यांदेखत. ते बघून लोक चाट पडले आणि कर्ज द्यायला तयार झाले.

कुंडीजवळ रोज बसलेल्या माणसाला मात्र त्यातलं काही दिसलं नसणार. त्याला रोज दिसली असणार ती माती आणि कालच्याएवढाच कोंब. वाढ दिसायला मधले दिवस कापावे लागतात. माझा नवरा दर आठवड्याला मधले पाच दिवस कापून येतो, म्हणून त्याला ती दिसते. मी त्या कुंडीशी बसलेली बाई आहे. हे कळल्यावर हेवा एकदम अर्धा झाला.

फाळक्यांबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट फार आवडली. १९११ च्या एप्रिलमध्ये ते गिरगावात पहिल्यांदा सिनेमा बघायला गेले ते थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन. पडद्यावर जंगली जनावरं पळताना दिसली. पोरानं घरी येऊन आईला सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना! म्हणून दुसऱ्या दिवशी वडील सगळ्या घराला घेऊन गेले. ते दिवस ईस्टरचे होते, त्यामुळे जनावरांऐवजी येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला होता. तो बघताना आपल्या रामकृष्णांनाही पडद्यावर आणता येईल हे त्यांच्या मनात आलं. बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे. पण आपल्या सिनेमाची गोष्ट घरी धावत येऊन 'आई, मी काय बघितलं माहितीये?' म्हणणाऱ्या पोरापासून सुरू होते, हे किती जणांना ठाऊक असतं?

पुढे 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) रोहिदासाच्या भूमिकेसाठी कुणी आपला मुलगा द्यायला तयार होईना, तेव्हा भालचंद्रच उभा राहिला. मग बहीण मंदाकिनीचा नंबर. 'कालिया मर्दन' (१९१९) मधला कृष्ण म्हणजे ही सात वर्षांची मुलगी. हा सिनेमा आज इंटरनेटवर बघता येतो, जरूर बघा. गोष्ट सुरू होण्याआधीच ती कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक हावभाव करून दाखवते. कथेला त्याची काही गरज नाही. मला विचाराल तर तिथं दिग्दर्शक सुटीवर आहे आणि कॅमेऱ्यामागे नुसता बाप उभा आहे. 'बघा हो, माझी पोरगी काय काय करते!' आपण मोबाइलवर दुसरं काय करतो?

असो. वाढ दिसत नाही, हे मी मान्य केलं. पण मग कुंडीशी बसलेल्या बाईला मिळतं काय?

तिला ऐकू येतं!

हे मात्र मी कुणाशीही बदलणार नाही. अर्धवट लोटलेल्या दारातून जे येतं ते फक्त मलाच मिळतं. दोघांना वाटत असतं आई काम करतेय. आई कसलं काम करतेय, आईचे कान टवकारलेले! मुलं आपल्याशी बोलतात तेव्हा आपल्यासाठी बोलतात. एकमेकांशी बोलतात तेव्हा कळतं, ती खरी कुठवर आलीत.

साधं उदाहरण. थोरला सध्या डायनोसॉरच्या नादी लागलाय. मला येऊन विचारतो, "आई, आकाशातून मोठा दगड पडला, म्हणून सगळे डायनोसॉर मेले ना? मग मगरी कशा राहिल्या?" (उत्तर माहीत असेल तर कळवा.) आणि दोन मिनिटांनी हॉलमधून आवाज येतो. तो तिला समजावत असतो, "हा डायनो. मोठ्ठा. वरून दगड… धप्प! डायनो संपला." तीन शब्दांची वाक्यं, हळू आवाज, हाताचा अभिनय. हे त्याला शिकवलं कुणी? १९७३ मध्ये अमेरिकेत मेरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन या दोघींनी यावर अभ्यास केला होता. चार वर्षांची मुलं दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना आपोआप छोटी, सोपी वाक्यं वापरतात, मोठ्यांशी बोलताना नाही, असं त्यांना दिसलं. आमच्या मास कॉमच्या सरांनी 'वाचकाच्या भाषेत लिहा' हे आमच्या डोक्यात घालायला दोन वर्षं घेतली होती!

भांडणांचंही तसंच. पूर्वी भांडण सुरू झालं की मी धावत जायची. आता आधी थोडं ऐकते. बाईसाहेबांना राग आला की त्या ओरडत नाहीत, चावत नाहीत. सरळ दादाचा हिरवा डायनोसॉर उचलतात, बाथरूमपर्यंत चालत जातात, भरलेल्या बादलीवर तो धरतात आणि वळून दादाकडे बघतात. बस्स! घरात शंभर खेळणी आहेत, पण कुठल्या खेळण्यानं दादाचा जीव वरखाली होईल ते या सव्वादोन वर्षांच्या बाईला अचूक माहीत. आणि परवा दादा पडला, गुडघा फुटला, भोकाड पसरलं, तेव्हा तीच बाई तुरुतुरु गेली आणि तोच हिरवा डायनोसॉर आणून त्याच्या मांडीवर ठेवला. स्वतःची बाहुली नाही आणली. दुसऱ्याला काय हवंय ते स्वतःला हव्या असलेल्या गोष्टीहून वेगळं असतं, हे कळायला काही माणसांना चाळिशी उजाडते!

ब्रिटनमधल्या ज्यूडी डन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच केलं. प्रयोगशाळेत मुलांना बोलावण्याऐवजी त्या केंब्रिजमधल्या घरांत जाऊन बसल्या. धाकटं भावंड आल्यावर थोरल्याचं काय होतं आणि मग दोघांचं मिळून काय होतं, ते बघत राहिल्या. १९८२ आणि १९८८ मधल्या त्यांच्या पुस्तकांत हेच आहे की दुसऱ्याला चिडवायचं कसं आणि समजवायचं कसं, हे मुलांना घरात, भावंडांमध्ये, आपण समजतो त्यापेक्षा खूप आधी जमतं. म्हणजे ज्याला आपण 'कटकट' म्हणतो तो त्यांचा अभ्यासाचा तास असतो. हे वाचल्यापासून माझी चिडचिड कमी झालीय असं मी म्हणणार नाही. पण दारापर्यंत जाताना माझा वेग कमी झालाय.

आता मुख्य किस्सा. थोरला दोन वर्षांचा होता तेव्हा म्हणायचा, "आई, मी जाते." "मी आले." "मी खाते." दिवसभर कानांवर माझं आणि आजीचंच बोलणं. बाबा घरात होता, पण हेडफोन लावून इंग्रजीत. (त्याच्याकडून पोरानं एकच शब्द उचलला, 'म्यूट'.) सासूबाई हसून म्हणायच्या, "अगं बाई, ही कोण आली?" पुढे प्लेग्रुपमध्ये चार पोरं भेटली आणि महिन्याभरात साहेब 'मी जातो'वर आले.

आता धाकटी बोलायला लागलीय. आणि ती काय म्हणते? "मी आलो!" "मी जातो!" "मी नाही झोपतो!" आई-आजी तिला रोज 'आले, जाते' ऐकवताहेत, त्याचा उपयोग शून्य. तिनं शिक्षक निवडलाय आणि तो आम्ही नाही.

इंग्रजीत हे कळलंच नसतं. तिथं 'आय केम' म्हटलं की बाई की बाप्या, पत्ता लागत नाही. आपल्या मराठीत मूल कुणाकडे बघून मोठं होतंय ते क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखता येतं! माझी कोल्हापूरची मैत्रीण फोनवर म्हणाली, "त्यात काय? आमच्याकडं आम्ही पोरी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो की!" तेही खरंच. पण आमच्याकडे मात्र थोरल्या साहेबांनी शिकवणी लावलीय. "तू मुलगी आहेस ना? मग म्हण, मी आले." ती त्याच्या तोंडाकडे एकटक बघते आणि मोठ्यानं म्हणते, "मी आलो!" तो कपाळावर हात मारतो. हुबेहूब माझ्यासारखा.

शाळेत बाईंनी त्याला विचारलं होतं, घरी तुला काय म्हणतात? त्याचं एक छानसं लाडाचं नाव आहे, आम्ही पाच वर्षं तेच वापरतोय. तो म्हणाला, "दादा." मला गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक आठवलं. शिरवाडकरांचं जन्माचं नाव गजानन. दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. पण ज्या नावानं महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते ना आईवडिलांनी ठेवलेलं, ना दत्तक घराण्यानं दिलेलं. भावांमध्ये एकुलती एक, लाडकी बहीण कुसुम, तिचा मोठा भाऊ तो कुसुमाग्रज. ज्ञानपीठ मिळालं तेही कुणाचा तरी दादा म्हणूनच! त्या स्मारकात आम्ही कार्यक्रमांना कितीदा गेलोय, पण हे नाव मला नीट कळलं ते शाळेतल्या त्या उत्तरानंतर.

तर हे सगळं मी फोनवर नवऱ्याला सांगते. व्हिडिओ पाठवते. तो लंच ब्रेकमध्ये बघतो, हसऱ्या इमोजी टाकतो. पण दारामागून ऐकलेलं व्हिडिओत येत नाही. मोबाइल घेऊन हॉलमध्ये पाऊल टाकलं की दोघं माझ्याशी बोलायला लागतात, खेळ खल्लास! एका शुक्रवारी मी त्याला माझी मटाराची थिअरी सांगितली. म्हटलं, तुला वाढ दिसते, मला आवाज मिळतो, हिशेब बरोबर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थोरल्याच्या वेळी मला दोन्ही मिळालं होतं. हिच्या वेळी मी पाहुणा आहे. परवा मी निघालो तर ती मला 'पुन्हा या' म्हणाली."

आजीनं शिकवलंय तिला, पाहुणे निघाले की म्हणायचं.

त्यानंतर आमच्या घरात 'कालनिर्णय'च्या मागच्या बाजूला आकडेमोड सुरू झाली. अंबडमधल्या एका कंपनीत त्याला जागा आहे. पगार आत्ताच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. आम्ही सगळे पुण्याला जायचं म्हटलं तर तिथलं भाडं, तिथली शाळा, आणि सासूबाईंशिवाय माझं काम. फ्लॅटचं बुकिंग पुढे ढकलायचं की रद्दच करायचं? कारचं नाव कुणीच काढायचं नाही. मैत्रिणींमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणते, "मुलं काय, मोठी होतातच. करिअरचं वय हेच." दुसरी म्हणते, "अगं, तेच तर! मोठी होतातच." दोघी एकच वाक्य बोलताहेत, ही गंमत मला फार आवडली.

मी त्याला हो किंवा नाही म्हटलं नाही. घरी बसून काम करायचं मी ठरवलं तेव्हा त्यानंही म्हटलं नव्हतं. मी फक्त माझे वर्षभरातले मानधनाचे चेक एका कागदावर मांडून दिले. बेरीज बघून आम्ही दोघंही हसलो. पण शून्य नव्हती! मागच्या महिन्यात त्यानं राजीनामा दिला. सध्या नोटीस पिरियड चालू आहे. चाकणच्या ट्रॅफिकमधले आणखी सहा शुक्रवार.

दरम्यान, गेल्या मंगळवारी दुपारी मी एक कॉपी संपवत होते. हॉलमध्ये दुकान-दुकान चाललं होतं. दादा दुकानदार. दारावर टकटक झाली आणि बाईसाहेब म्हणाल्या, "मी आले!"

स्पष्ट. 'आले'.

दादा ओरडला, "आजीऽऽ, तिनं बरोब्बर म्हटलं!" माझा हात फोनकडे गेला. पण मी फोन केला नाही. म्हटलं, हे याला स्वतःच्या कानांनी ऐकू दे. तीन दिवस कळ काढली. सासूबाईंनाही शपथ घातली. शुक्रवारी तो नेमका लवकर निघाला आणि नऊलाच पोहोचला. दोघं जागी होती. बेल वाजली, दादानं धाकटीला पुढे ढकललं आणि कानात सांगितलं, "म्हण!"

ती धावत सुटली, बाबाच्या पायाला मिठी मारली, मान वर केली आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी आलोऽऽ!"

दादानं कपाळावर हात मारला. बाबा म्हणाला, "मी पण."